पत्ता, मार्फत आणि ओळख : घरातील अनेक संगणकांच्या दूरनियंत्रणाचा इतिहास

१

खेड्यातून शहरात शिकावयास आलेला विद्यार्थी एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरला, म्हणजे त्यास येणाऱ्या पत्रांवर दोन नावे असत. वर त्याचे स्वतःचे, आणि खाली ‘मार्फत’ हा शब्द लिहून घरमालकाचे. टपालवाला घरमालकास ओळखत असे. विद्यार्थ्यास ओळखण्याचे त्यास कारण नसे. पत्र दारापर्यंत आणणे एवढेच त्याचे काम. तेथून ते आतल्या खोलीत योग्य माणसाच्या हाती देणे ही घरमालकाची जबाबदारी असे, आणि ती त्याने पार पाडली नाही तर पत्ता अचूक असूनही पत्र व्यर्थ जाई.

आजच्या घरातील संगणकांची स्थिती या विद्यार्थ्यासारखी आहे. एका घरात दोन-चार संगणक असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भाषिक सर्वेक्षणाची ध्वनिमुद्रिते एका संगणकावर, त्यांची प्रतिलेखने दुसऱ्यावर आणि संदर्भग्रंथांच्या प्रती तिसऱ्यावर ठेवून परगावी गेलेल्या संशोधकास हे तिन्ही संगणक तेथून चालवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. घरात बसून एका संगणकावरून दुसरा चालविणे सोपे असते. तीच गोष्ट घराबाहेरून, इंटरनेटवरून करू गेल्यास मात्र मालकालाच आपल्या दारात तिष्ठत उभे राहावे लागते. ही अडचण यंत्रांच्या दुर्बलतेतून निर्माण झालेली नसून, एका तात्पुरत्या उपायाला कालांतराने लाभलेल्या स्थैर्यातून निर्माण झालेली आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. आपल्याच घरातील वस्तूवर आपला अधिकार कोणाच्या मध्यस्थीने चालतो, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे.

२

दूरचे यंत्र चालविण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांच्या सभेपुढे जॉर्ज स्टिबिट्झ यांनी एका टंकयंत्राद्वारे न्यू यॉर्क येथील बेल प्रयोगशाळेतील गणनयंत्रास उदाहरणे धाडली, आणि उत्तरे तारेवरून परत आली. १९६१ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांदो कोर्बातो यांनी एकाच संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत वाटून देणारी पद्धती दाखविली. या दोन्ही प्रसंगी एक मोठे यंत्र मध्यभागी होते, आणि माणसे त्याच्याभोवती आपापल्या टंकयंत्रांपाशी बसलेली होती. यंत्र एकच असल्यामुळे ‘कोणते यंत्र’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो प्रश्न अर्पानेटने उपस्थित केला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश मागण्याकरिता ‘लॉगिन’ हा शब्द अक्षराक्षराने पाठविण्यास आरंभ केला. ‘एल्’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. सुमारे तासाभराने प्रयत्न यशस्वी झाला. या प्रसंगाचे वर्णन नेहमी एका गमतीदार अपयशाचे म्हणून केले जाते. परंतु भाषेच्या अभ्यासकास त्यात निराळेच काही दिसेल. या जाळ्यावरील पहिला शब्द अभिवादनाचा नव्हता, वार्तेचाही नव्हता. तो दुसऱ्याच्या यंत्रात प्रवेश मिळावा अशा विनंतीचा होता. दूरनियंत्रण हे इंटरनेटला मागाहून फुटलेले अंग नव्हे. इंटरनेटच्या पूर्वजाचा जन्मच त्यासाठी झाला होता.

३

या विनंतीला नियमबद्ध रूप देण्याचे कार्य ‘टेलनेट’ने केले. त्याचा आरंभ १९६९ चा; प्रमाणरूप १९८३ च्या मे महिन्यात जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्या टिपणाने सिद्ध झाले. त्या काळी प्रत्येक उत्पादकाचे टंकयंत्र वेगळ्या रीतीने वागे. ओळ संपविण्याची खूण निराळी, अक्षर खोडण्याची निराळी. प्रत्येक यंत्राने इतर सर्वांच्या रीती शिकणे अशक्य होते. टेलनेटने यावर काढलेला तोडगा बोलीभेदांच्या प्रदेशात प्रमाणभाषा जे कार्य करते त्याच्याशी जुळणारा आहे. प्रत्यक्षात कोठेही नसलेले एक काल्पनिक टंकयंत्र कल्पावयाचे, आणि उभय पक्षांनी आपापली रीत त्याच्या रीतीत बदलून बोलावयाचे. कोणास यापेक्षा अधिक काही करावयाचे असल्यास त्याने आधी विचारावे. या विचारणेसाठी चारच क्रियारूपे ठरविली होती : ‘करीन’, ‘करणार नाही’, ‘कर’ आणि ‘करू नको’. होकार-नकाराचे भविष्यार्थी व आज्ञार्थी असे हे चार प्रकार इतके पुरेसे ठरले की त्यांवर पुढील अनेक सुधारणा रचता आल्या.

टेलनेटमध्ये दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. पहिली, मधल्या तारेवर कोणी कान लावून बसलेला नाही. म्हणून संकेतशब्दही उघड्या अक्षरांतच जात असे. दुसरी, प्रत्येक यंत्रास स्वतःचा पत्ता आहे आणि ज्यास तो पत्ता माहीत आहे तो तेथवर पोहोचू शकतो. पहिले गृहीत १९९५ मध्ये उघडपणे कोसळले. हेलसिंकी तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या जाळ्यावर संकेतशब्द चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील तातू युलनेन यांनी ‘एस्.एस्.एच्.’ ही सर्व संभाषण गुप्तलिपीत करणारी पद्धती रचली, आणि ती टेलनेटची जागा घेत गेली. दुसरे गृहीत त्याच सुमारास, परंतु आवाज न करता नष्ट झाले.

आपल्याकडे इंटरनेट याच वर्षी आले, हेही येथे नमूद करणे योग्य होईल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली. तिच्या स्वस्त खातेदाराच्या घरचा संगणक इंटरनेटचा स्वतंत्र घटक नसे. तो दूरध्वनीवरून निगमाच्या संगणकास जोडला जाई आणि तेथील अक्षरे आपल्या पडद्यावर उमटवी. घरचे यंत्र दुसऱ्याचे यंत्र चालवू शके. त्याला स्वतःला कोणी हाक मारू शकत नसे.

४

पत्त्याची गोष्ट आता पाहू. १९८१ च्या सप्टेंबरात निश्चित झालेल्या इंटरनेटच्या नियमांनुसार प्रत्येक पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा आहे. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ होतात. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांच्यापुरता हा साठा अमर्याद वाटला. त्याच काळात सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी मांडलेल्या विचारानुसार जाळ्याने केवळ वाहतूक करावी, शहाणपण दोन्ही टोकांच्या यंत्रांपाशी असावे, ही दृष्टी दृढ झाली. अशा जाळ्यात प्रत्येक यंत्र वक्ताही असते आणि श्रोताही.

१९९० नंतर घरे आणि कचेऱ्या जाळ्यास जोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा साठा अपुरा पडणार हे स्पष्ट झाले. १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी ‘पत्ता-भाषांतरा’ची योजना मांडली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘नॅट’ म्हणून ओळखली जाते. आतल्या अनेक यंत्रांना खाजगी पत्ते द्यावे, बाहेर एकच सार्वजनिक पत्ता दाखवावा, आणि उंबरठ्यावरच्या यंत्राने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरील पत्ता बदलावा, असे तिचे सार आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत खाजगी पत्त्यांचे तीन समूह कायम करण्यात आले, १९२.१६८ या अंकांनी आरंभ होणारा समूह घराघरांत परिचित आहे.

हे खाजगी पत्ते कोणत्या जातीचे शब्द आहेत ? माझ्या मते त्यांचे स्थान विशेषनामांत नसून नातेवाचकांत आहे. प्रत्येक घरात एक ‘दादा’ असतो, एक ‘ताई’ असते. घरातल्या घरात हाक मारण्यास ही नावे पुरेशी, किंबहुना विशेषनामांपेक्षा अधिक सोयीची असतात. पण पाकिटावर नुसते ‘दादा यांस’ लिहिले तर ते कोठेही पोहोचणार नाही. १९२.१६८.१.५ हा पत्ता असाच आहे. तो आज असंख्य घरांत एकाच वेळी नांदतो आणि प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा असतो. इंटरनेटवर मात्र त्याला काही अर्थ नाही.

उंबरठ्यावरचे यंत्र, म्हणजे राउटर, एक नोंदवही ठेवते. आतून कोणी बाहेर विचारणा केली तर तिची नोंद होते, आणि उत्तर आल्यावर नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे दिले जाते. आपण होऊन बाहेरून आलेल्या हाकेची मात्र नोंदच नसते; ती कोणासाठी आहे हे राउटरला कळत नाही आणि तो ती टाकून देतो. यात दुष्टावा नाही, केवळ अज्ञान आहे. परिणाम मात्र दूरगामी झाला. घरातील यंत्रे बोलू शकत होती, पण त्यांना कोणी बोलावू शकत नव्हते. योजनेच्या कर्त्यांनीच आपल्या टिपणात तिच्या दोषांची कबुली देऊन, दीर्घकालीन उपाय म्हणून ती योग्य नव्हे, असे बजावले होते. पण ज्या उपायाने आजची अडचण भागते तो उद्याही तसाच राहतो, हा संस्थांच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे.

५

विरोधाभास असा की घरातील संगणक दुरून चालविण्याची उत्तमोत्तम साधने याच काळात निर्माण झाली. १९९५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने निद्रिस्त संगणकास जाळ्यावरून जागे करण्याची रीत प्रसिद्ध केली. २५५ हा अंक सहा वेळा पाठवावयाचा आणि त्यामागून त्या यंत्राच्या जोडपट्टीचा अंगभूत क्रमांक लागोपाठ सोळा वेळा उच्चारावयाचा, म्हणजे ते जागे होते. परंतु ही हाक साऱ्या घराला उद्देशून मारलेली असते, आणि सामान्यतः ती उंबरठा ओलांडत नाही.

केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतील रिचर्डसन, स्टॅफर्ड-फ्रेझर, वुड आणि हॉपर यांनी १९९८ मध्ये ‘व्ही.एन्.सी.’चे वर्णन प्रसिद्ध केले. दूरच्या पडद्यावरील चित्राचा जेवढा आयत बदलला तेवढाच पाठवावयाचा, आणि इकडून कळफलक व माउस यांच्या हालचाली तिकडे धाडावयाच्या, एवढेच तिचे तत्त्व. पाहणाऱ्याकडे काहीच शिल्लक राहत नसल्याने तो एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे बसला तरी पडदा जसाच्या तसा पुढे चालू राहतो. २००१ च्या विंडोज एक्स्.पी.मध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ ही सोय आली. पण ती ‘प्रोफेशनल’ आवृत्तीत. ‘होम’ हे नाव धारण करणाऱ्या आवृत्तीच्या संगणकास बाहेरून चालवून घेण्याची मुभा नव्हती. घर हे आज्ञा देण्याचे स्थान असेल, आज्ञा घेण्याचे नसेल, ही समजूत अशा रीतीने नावनिशीवार नोंदली गेली.

तरीही ज्यास आपली यंत्रे चालवावयाची होती त्याने ‘मार्फत’चाच मार्ग धरला. प्रत्येक पत्त्यास ६५,५३६ क्रमांकित द्वारे, म्हणजे पोर्ट, असतात. अमुक द्वारावर आलेली हाक पहिल्या संगणकाकडे, तमुक द्वारावरची दुसऱ्याकडे, असे राउटरला आगाऊ सांगून ठेवता येते. यासच पोर्ट-फॉरवर्डिंग म्हणतात. व्ही.एन्.सी. ५९०० या द्वारावर वाट पाहते. तेव्हा पहिल्या संगणकास ५९००, दुसऱ्यास ५९०१, तिसऱ्यास ५९०२ अशी वाटणी करावयाची. यापेक्षा शहाणपणाची रीत अशी की बाहेरून एकच द्वार उघडे ठेवावे, तेथे एस्.एस्.एच्. चालविणारा एक विश्वासू संगणक बसवावा, आणि इतर सर्वांशी त्याच्या आतून काढलेल्या गुप्त वाटेने बोलावे. सेवादाता घराचा सार्वजनिक पत्ताच वरचेवर बदलत असल्याने, बदलत्या पत्त्यास स्थिर नाव देणाऱ्या सेवाही उदयास आल्या. ही सारी व्यवस्था चाले. पण तिला राउटरची भाषा जाणणारा गृहस्थ हवा, आणि राउटर त्याच्या ताब्यात हवा.

६

जेथे मालकास स्वतः दार उघडता येत नाही तेथे मध्यस्थ उभा राहतो. नॅटमध्ये आतून बाहेर हाक मारता येते, या एकाच फटीचा उपयोग मध्यस्थांनी केला. घरचा संगणक आपण होऊन मध्यस्थाच्या केंद्राशी बोलत राहतो; परगावचा मालकही त्याच केंद्रास हाक मारतो; केंद्र दोघांची गाठ घालून देते. लॉगमीइन आणि २००५ मध्ये जर्मनीत आरंभ झालेले टीमव्ह्यूअर ही या मार्गाची प्रसिद्ध नावे. अनेक संगणकांची यादी समोर येते, हवा त्यावर बोट ठेवावे आणि तो उघडावा, इतके हे सोपे झाले. वयोवृद्ध आईवडिलांच्या संगणकाची दुरुस्ती परदेशातून करणाऱ्या मुलांना या सोयीचे मोल सांगावयास नको.

परंतु सोय ही सनद नव्हे. २०१४ च्या जानेवारीत लॉगमीइनची विनामूल्य सेवा बंद झाली, आणि तिच्यावर विसंबलेल्यांना आपल्याच यंत्रांपर्यंत पोहोचण्यासाठी शुल्क भरणे अथवा दुसरा मार्ग शोधणे भाग पडले. त्याहून बोधप्रद उदाहरण ॲपलचे आहे. २००७ च्या ऑक्टोबरात त्या कंपनीने ‘बॅक टू माय मॅक’ ही सेवा आणली. एकाच मालकाच्या सर्व संगणकांना तिने नव्या पद्धतीचे दीर्घ पत्ते दिले, त्यांमधील संभाषण गुप्तलिपीत ठेवले, आणि राउटरला दार उघडावयास संगणकाकडूनच सांगविले. तिची रचना २०११ च्या जूनमध्ये जाहीर टिपणातून प्रसिद्धही झाली. घरातील अनेक यंत्रे मालकास त्यांच्या नावानिशी परत देण्याचा तो विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. १ जुलै २०१९ पासून ती सेवा बंद झाली. यंत्रे मालकाची होती, घर मालकाचे होते. नावांची वही मात्र दुसऱ्याची होती.

दरम्यान साठाही संपला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांच्या मध्यवर्ती भांडारातील अखेरचे समूह वाटले गेले, आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिक विभागात उरलेल्या पत्त्यांची वाटणी सुरू झाली. आता सेवादातेच अनेक घरांमागे एक पत्ता वापरू लागले. २०१२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या या अंतर्गत वापरासाठी एक निराळा समूह राखूनही ठेवण्यात आला. ही मार्फतीची मार्फत झाली. अशा घरच्या मालकाने आपल्या राउटरला काहीही सांगितले तरी त्याचा उपयोग नाही, कारण खरे महाद्वार त्याच्या घरात नाहीच.

७

येथवरचा वृत्तान्त वाचून, नॅट ही केवळ हानी होती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो एकांगी ठरेल. बंद दाराने संरक्षणही दिले. दार उघडे ठेवणाऱ्यांचे काय झाले याचे उदाहरण २०१६ चे आहे. ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील घरगुती कॅमेरे व राउटर यांची टेलनेटची द्वारे ठोठावली, उत्पादकांनी घालून दिलेल्या सुमारे साठ नाव-संकेतशब्दांच्या जोड्या लावून पाहिल्या, आणि लक्षावधी यंत्रे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या फौजेने ‘डिन्’ या कंपनीवर हल्ला केला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. घराच्या बदलत्या पत्त्यास स्थिर नाव देणाऱ्या सेवेमुळेच ही कंपनी प्रथम नावारूपास आली होती, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. पुढे १४ मे २०१९ रोजी विंडोजच्या दूरनियंत्रण-सोयीतील एका गंभीर छिद्रावर उपाय प्रसिद्ध करताना मायक्रोसॉफ्टने, मदत केव्हाच थांबविलेल्या एक्स्.पी.साठीही तो उपलब्ध करून दिला. यावरून धोक्याची व्याप्ती ध्यानात यावी.

पण या पुराव्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मिराईने घरे जिंकली ती त्यांना पत्ता होता म्हणून नव्हे. दारावर आलेल्याची ओळख पटविण्याची व्यवस्था नाममात्र होती म्हणून. पत्ता नसणे आणि राखण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नॅटच्या काळात या दोहोंची गल्लत झाली, आणि लपून राहण्यालाच सुरक्षितता समजण्याची सवय जडली.

८

नवी पत्तापद्धती, ‘आय्.पी. सहा’, १९९५ च्या डिसेंबरात प्रथम प्रसिद्ध झाली. तिचे पत्ते १२८ द्विमान अंकांचे असल्याने प्रत्येक घरातील प्रत्येक यंत्रास स्वतःचा पत्ता सहज देता येतो. भारतात २०१६ च्या सप्टेंबरात आलेल्या जिओच्या सेवेने ती व्यापक प्रमाणावर आणली. म्हणजे टंचाई हे कारण ओसरत आहे. मग कार्यही ओसरावयास हवे होते. तसे झालेले नाही. २०११ च्या जानेवारीतील शिफारशींत घरगुती राउटरांनी नव्या पद्धतीतही, न मागता आलेली हाक आरंभी अडवावी, अशी रीत सुचविली आहे. पत्ता परत आला, पण दार मिटलेलेच राहिले.

भाषेच्या इतिहासात असे वारंवार घडते. ‘घराला’, ‘घरातून’ या रूपांतील ‘घरा’ हे अंग जुन्या विभक्तिरूपाचा अवशेष मानले जाते. मूळ प्रत्यय झिजला, त्याचे प्रयोजन संपले. पण त्याने घडविलेला बदल शब्दयोगी अव्यये व नवे प्रत्यय लावण्याचा नियम होऊन बसला. कारण जाते आणि व्याकरण उरते. पत्त्यांच्या टंचाईतून आलेली मिटल्या दाराची रीत आज इंटरनेटच्या व्याकरणाचा भाग झाली आहे, आणि कारण नाहीसे झाले एवढ्यावरून ती जाईल असे मानण्यास आधार नाही.

मात्र एक नवा प्रवाह आशादायक आहे. २०२० च्या मार्चमध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या ‘वायरगार्ड’मध्ये यंत्राची खूण त्याच्या पत्त्यावरून नव्हे, तर त्याच्या सार्वजनिक किल्लीवरून पटते. पत्ता बदलला तरी किल्ली तीच राहते. अनोळखी हाकेला उत्तरच दिले जात नाही. बाहेरून पोहोचण्याजोगा एक पत्ता कोठेतरी लागतोच. पण तेवढा असला, की घरातील चार यंत्रे आणि परगावचा मालक यांचे एक लहानसे, परस्परपरिचितांचे जाळे तिऱ्हाइताच्या वहीवाचून उभे राहू शकते. ‘तू कोठे आहेस’ या प्रश्नाची जागा ‘तू कोण आहेस’ हा प्रश्न घेत आहे.

‘मार्फत’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘जाणणे, ओळख’ असा आहे. मराठीत येईपर्यंत ओळखीचा अर्थ मागे पडला आणि मध्यस्थीचा तेवढा राहिला. घरातील यंत्रांच्या बाबतीतही आपण ओळखीचे काम मध्यस्थाकडे सोपविले आणि कालांतराने ते आपले होते हेच विसरलो. दूरनियंत्रणाचे साधन निवडताना ते किती सोपे आहे एवढेच न विचारता, ओळख पटविण्याची वही कोणाच्या हाती राहते, हेही विचारले पाहिजे.